मेडिकलवाला ‘आमच्या तत्त्वात बसत नाही’ म्हणून गोळी नाकारू शकतो का?

रेवा_मुलुंड

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर एक मेडिकल आहे. नाव लिहीत नाही, गरजही नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून घरातलं सगळं तिथूनच येतं. सासूबाईंच्या बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या, लेकीचं तापाचं सिरप, नवऱ्याचं पाठीला लावायचं मलम. वहीत खातं आहे, महिनाअखेरीला हिशोब होतो, पावसात पोऱ्या वर आणून देतो. माणूस वाईट नाही हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर प्रतिसादांत लगेच ‘असल्यांना ठोकून काढा’ सुरू होईल.

शनिवारी रात्री निरोध फाटला. (हो, असंच लिहिणार. ‘काही कारणाने’ वगैरे लिहिलं की निम्म्या लोकांना प्रश्नच कळत नाही.) रविवारी सकाळी अंडी-ब्रेड आणायला खाली उतरले आणि त्या बहात्तर तासांवाल्या, म्हणजे संबंधानंतर घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचं नाव सांगून ती मागितली. दुकानात एक काका इनोची पाकिटं घेत होते. मालकांनी आधी त्यांना मोकळं केलं, गल्ला उघडून सुट्टे दिले, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ती मी देत नाही.”

“संपलीय?”

“संपली नाही ताई. देत नाही. जीवहत्या होते त्याने. माझ्या हातून ते पाप नको.”

मला मागच्या काचेच्या कपाटात ते खोकं दिसत होतं. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्ट्यांच्या शेजारी, चांगलं तीन-चार पाकिटं भरलेलं. मी बोट दाखवलं. त्यावर जे उत्तर आलं ते ऐकून मी चाटच पडले. “ते मुलगा ठेवतो. संध्याकाळी तो बसतो तेव्हा तो देतो. मी बसलेला असताना नाही.”

म्हणजे पाप सकाळी नऊ ते दोन लागतं आणि पाचनंतर लागत नाही!

मग मीही पेटले. म्हटलं, ठीक आहे, रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी, माला-डी द्या. तर तीही नाही. निरोधांचा स्टँड मात्र दर्शनी, बिलाच्या मशीनला टेकून, चॉकलेट-स्ट्रॉबेरीसकट. ते कसं चालतं विचारलं, तर म्हणाले, त्यात जीव तयारच होत नाही. बरं, माला-डीने तरी कुठे होतो? यावर ते “तुम्ही संध्याकाळी या ना” एवढंच म्हणाले. हाच माणूस चिठ्ठी न बघता अॅझिथ्रोमायसिन देतो. पुरुषांची ‘ती’ गोळीही विनाचिठ्ठी देतो, हे आमच्या मजल्यावरच्या बायकांना पक्कं ठाऊक आहे, कसं ते विचारू नका.

संध्याकाळपर्यंत थांबायचा प्रश्नच नव्हता. आणि थांबून तरी काय, पंचवीस वर्षांच्या त्या मुलासमोर, ज्याच्या मुंजीचे लाडू आम्ही खाल्लेत, त्याच्यासमोर उभं राहायचं? पूल ओलांडून पश्चिमेला गेले. स्टेशनजवळच्या दुकानात काउंटरवर एक मुलगी होती. तिने मान वर न करता पाकीट खाकी पिशवीत टाकलं, बिल फाडलं, सुट्टे आहेत का विचारलं. संपलं. दुपारच्या आत गोळी पोटात गेली.

तर माझं काम झालं. पण डोक्यातून जात नाही. जाणकारांनी सांगावं, दुकानात माल असताना ‘माझ्या धर्मात बसत नाही’ म्हणून नाही म्हणायची मुभा आहे का मेडिकलवाल्याला? आणि ते जीवहत्या प्रकरण, त्यात काही तथ्य आहे का? तक्रार करावी असं एकदा वाटतं, पण सासूबाईंना त्याच्याशिवाय कोणाकडची गोळी चालत नाही. ‘दुसरीकडची डुप्लिकेट असते’ हे त्यांचं ठाम मत.

(मुलींनो, ‘नवऱ्याला का नाही पाठवलंस’ हा प्रश्न येणारच. तो नाशिकला होता, रविवारी पहाटेच गेला होता.)

---

तटस्थ७७

रेवाताई, राग समजू शकतो. पण त्याचं दुकान, त्याची श्रद्धा. शुद्ध शाकाहारी हॉटेलात जाऊन आम्लेट मागायचं आणि मिळालं नाही म्हणून तक्रार करायची, तसं आहे हे. तुम्हाला दहा मिनिटांवर मिळाली ना? मग कोणाचं काय बिघडलं? त्याने तुम्हाला अपशब्द वापरले नाहीत, खोटं बोलला नाही, उलट संध्याकाळी या म्हणून मार्गही सांगितला. सगळ्यांनी सगळं विकलंच पाहिजे ही सक्ती कशाला? माणसाला स्वतःचं मन असू नये का? अमेरिकेसारख्या देशात फार्मसिस्टला असा नकार द्यायचा हक्क कायद्याने आहे असं वाचलंय.

---

काउंटरमागून

लालबागला मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून माझे केस पांढरे झाले. डी.फार्म., रजिस्टर्ड, पण दुकान माझं नाही, मी पगारी. त्यामुळे मालकाच्या आणि गिऱ्हाइकाच्या, दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्लेल्या आहेत. जरा लांबण लावतो.

कायदा आधी. औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३, परिच्छेद २८. नाव किमतीचं असलं तरी आत विक्रीचंही लिहिलंय. स्वतःजवळ असलेलं औषध, ते विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला, विक्रेत्याने द्यायला नकार द्यायचा नाही किंवा अडवून ठेवायचं नाही. अर्थात औषध कायद्याच्या अधीन राहून, म्हणजे जिथे चिठ्ठी लागते तिथे चिठ्ठी हवीच. हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली काढलेला आहे, त्यामुळे मोडला तर शिक्षाही त्याच कायद्याची, आणि तो कायदा मवाळ नाही. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची बहात्तर तासांवाली गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. माला-डीलाही चिठ्ठी नको. लायसन्स दुकानाचं असतं, बापाचं सकाळचं आणि मुलाचं संध्याकाळचं असं वेगवेगळं नसतं. खोकं कपाटात होतं, तुम्ही पैसे द्यायला तयार होतात, तो नाही म्हणाला. नियमात बसत नाही. श्रद्धेची सवलत देणारं कलम आपल्याकडे फार्मसिस्टसाठी नाही.

आता त्यातली पळवाट. ‘स्वतःजवळ असलेलं’ हे शब्द बघा. जे ठेवलंच नाही ते न दिल्याचा गुन्हा होत नाही, आणि गर्भनिरोधक ठेवलंच पाहिजे असं कोणी दुकानदाराला सांगू शकत नाही. म्हणून आमच्या धंद्यातला शहाणा माणूस पाप-पुण्य काढतच नाही, तो ‘संपलंय’ म्हणतो. तुमचा मालक सरळ आहे म्हणून अडकला. मुंबईत जेवढ्या बायकांना ‘संपलंय’ ऐकून परत जावं लागतं, त्यातल्या किती दुकानांत ते खरंच संपलेलं असतं हे आम्हाला विचारा. चेन्नईकडे तर बंदीचा कुठलाही लेखी हुकूम नसताना बहुतेक दुकानं वर्षानुवर्षं ही गोळी ठेवतच नाहीत, यावर पेपरांत कितीदा छापून आलंय.

आणि धर्म हे अर्ध्या वेळा नुसतं निमित्त असतं, हेही सांगतो. खरी भीती दुसरीच. २०१२ला बीड जिल्ह्यात परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण बाहेर आलं. त्यानंतर राज्याच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, गर्भपाताच्या गोळ्यांच्या किटवर, म्हणजे मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टॉलवर, अशी काही मोहीम काढली की दुकानदारांनी हाय खाल्ली. ते किट चिठ्ठीशिवाय विकायचं नाहीच, ते बरोबर आहे. पण इन्स्पेक्टर येणार, कोणाला विकलं, चिठ्ठी दाखवा, डॉक्टरचा नंबर दाखवा. लोकांनी किट ठेवणंच बंद केलं. काहींनी ‘येथे गर्भपाताची औषधे मिळत नाहीत’ अशा पाट्या लावल्या. त्या घबराटीत ही बिचारी बहात्तर तासांवाली गोळीही त्याच पंक्तीला बसली. दोन्ही वेगळ्या आहेत हे अजून माझ्या शेजारच्या दुकानदाराला पटत नाही, आणि तो माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे.

दुसरी भीती गल्लीची. आमच्या दुकानात एकदा एक गृहस्थ आले, रिकामं पाकीट काउंटरवर आपटलं, “माझ्या पोरीला हे कोणी दिलं?” पोरगी नोकरी करणारी, चांगली वीस-बावीसची. मालकाने हात जोडून त्यांना चहा पाजला. ते गेल्यावर आम्हाला सांगितलं, उद्यापासून ओळखीतल्या मुलींना संपलंय म्हणायचं. ओळख नसलेल्यांना द्यायचं! म्हणजे वर्षानुवर्षं आमच्याकडून क्रोसिन नेणारीला नाही आणि लोकलमधून उतरून आलेलीला आहे. मी देत राहिलो, मालकाचा डोळा चुकवून.

तटस्थसाहेब, तुमच्या शाकाहारी हॉटेलाच्या बाहेर कोणीही अंडाबुर्जीची गाडी लावू शकतो. औषधाची गाडी लावता येते का? फॉर्म २० आणि २१चं लायसन्स, नेमलेली जागा, फ्रीज, रजिस्टर्ड फार्मसिस्ट, हे सगळं असेल तरच विकता येतं. सरकारने बाकी सगळ्यांना मनाई करून आम्हाला ही सोय दिलीय. ती घ्यायची आणि वर आपल्याला आवडेल तेच विकायचं, हे जमत नाही.

तक्रारीचं म्हणाल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी करता येते, ड्रग इन्स्पेक्टर बघतो. तारीख, वेळ, काय मागितलं, काय उत्तर मिळालं. त्या वेळी दुसरं काही घेतलं असेल तर त्याचं बिल जोडा, तुम्ही तिथे होतात एवढं त्यातून दिसतं. इन्स्पेक्टर आला की तो तुमच्या गोळीपुरता थांबत नाही. फ्रीजचं तापमान बघतो, एच-वनचं (ज्यांच्या विक्रीची नोंद ठेवावी लागते त्या चिठ्ठीच्या औषधांचं) रजिस्टर काढायला लावतो, खरेदीची बिलं तपासतो, फार्मसिस्ट हजर आहे का विचारतो. विनाचिठ्ठी अॅझिथ्रो देणाऱ्या दुकानाला कशाची धास्ती वाटेल ते तुम्हीच ओळखा.

---

ओपीडी_नं_सोळा

महापालिकेच्या हॉस्पिटलात स्त्रीरोग विभागात आहे. कायद्याचं वर आलंय, मी औषधापुरतं लिहिते.

जीवहत्या वगैरे काही नाही. ही गोळी बीजकोशातून अंडं बाहेर पडणं लांबवते. शुक्राणू वाट बघून बघून संपतात. अंडं आधीच बाहेर पडलेलं असेल तर ती जवळजवळ काहीच करत नाही, आणि गर्भ रुजलेला असेल तर त्याला धक्काही लावत नाही. म्हणूनच तिला गर्भपाताची गोळी म्हणणं चूक. अमेरिकेच्या एफडीएनेही डिसेंबर २०२२मध्ये माहितीपत्रक बदलून हे स्पष्ट लिहायला लावलं, कारण तिकडेही हाच गैरसमज होता.

याचाच अर्थ, ‘संध्याकाळी या’ हे निरुपद्रवी सांगणं नाही. बहात्तर तास ही शेवटची गाडी आहे असं समजून लोक निवांत बसतात. जितकी लवकर घ्याल तितका उपयोग जास्त. सकाळची संध्याकाळ करणाऱ्याला या गोळीचं काम कसं चालतं तेच माहीत नाही.

घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. आणि आपल्या मुंबईत हे मुद्दाम सांगायला हवं: टीबीचे उपचार चालू असतील तर रिफाम्पिसिनमुळे या गोळीचा असर घटतो. फिट्सच्या काही औषधांनीही, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन वगैरे. काउंटरवर हे कोणी विचारत नाही. अशांनी सरळ हॉस्पिटल गाठावं, पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवली तर ती या गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची, आणि पुढची काही वर्षं काळजी नाही. महापालिकेच्या हॉस्पिटलात बसवून मिळते.

पाळी थोडी मागेपुढे होईल. आठवड्याहून जास्त लांबली तर टेस्ट करा. आणि आज गोळी घेतली म्हणून पुढचे दिवस मोकळे, असं नाही, तिचं संरक्षण पुढच्या वेळेला लागू होत नाही.

रेवा, रोजची गोळी लक्षात राहत नसेल तर छाया बघ. संप्रेरकं नाहीत, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच. लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेलं औषध आहे, बाजारात ‘सहेली’ म्हणून मिळतं, सरकारी केंद्रांत ‘छाया’ म्हणून फुकट.

---

सीमोल्लंघन

जन्म दादरचा, आता न्यू जर्सीत. तटस्थ७७ यांनी अमेरिकेचं काढलं म्हणून लिहिते, कारण ते अर्धंच आहे.

इथे राज्यागणिक वेगळं. अर्कान्सा, जॉर्जिया, मिसिसिपी, साउथ डकोटा अशा काही राज्यांत फार्मसिस्टला नकार देता येतो, खरं आहे. पण वॉशिंग्टन राज्याने २००७मध्ये नियम केला की एखाद्या फार्मसिस्टचं मन घेत नसेल तर त्याने बाजूला व्हावं, पण त्याच दुकानात त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी औषध द्यायलाच हवं. दुकान म्हणून नाही म्हणता येणार नाही. ऑलिम्पिया गावातल्या एका किराणा-फार्मसीच्या मालकांनी धर्मस्वातंत्र्याच्या नावाने खटला भरला. अपील कोर्टाने २०१५मध्ये राज्याच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१६मध्ये सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

रेवा, तुमचे बाप-लेक याच नियमात बसले असते, दोघं एका वेळी काउंटरवर असते तर. बाप बाजूला, लेक पुढे. बापाचं मनही राखलं गेलं असतं आणि तुमचा रविवारही.

फ्रान्सचं तर याहून सरळ. बोर्दोजवळच्या एका गावात एकच फार्मसी. ती चालवणाऱ्या दोघांनी १९९५मध्ये बायकांना चिठ्ठी असूनही गर्भनिरोधक गोळ्या दिल्या नाहीत. दंड झाला. ते युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले, तिथे २००१मध्ये अर्ज दाखलही करून घेतला नाही. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की ही वस्तू कायदेशीर आहे आणि फार्मसीशिवाय दुसरीकडे मिळतच नाही, तेव्हा आपली श्रद्धा दुसऱ्यावर लादता येणार नाही. तुमची श्रद्धा दुकानाबाहेर हवी तशी पाळा. वर काउंटरमागून यांनी अंडाबुर्जीच्या गाडीचं सांगितलं ना, तेच.

---

गिरगावची_मावशी

मला गंमत वाटते ती वेगळीच. आमच्या तरुणपणी या देशात भिंत दिसली की तिच्यावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. बसच्या मागे, पोस्टात, शाळेच्या कंपाउंडवर. निरोध १९६८मध्ये आला तो पंधरा पैशांना तीन, आणि सरकारने तो चहा-साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या साखळीतून दुकानादुकानांत पोचवला. आमच्या गल्लीतल्या वाण्याकडे तो खडीसाखरेच्या बरणीशेजारी असायचा. वाणी पक्का माळकरी, एकादशीला दुकानात भजन लावायचा. त्याने कधी कोणाला पाप सांगितलं नाही. मागणाराच लाजायचा.

आणि त्याही आधी, १९२१ साली याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. मासिक काढलं तर अश्लीलतेचे खटले, १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. शंभर वर्षं उलटली, आणि मुलुंडची लेकुरवाळी बाई पूल ओलांडून पश्चिमेला जाते गोळी आणायला. वा रे वा.

रेवा, तुझ्या सासूबाईंना विचार त्यांनी काय केलं होतं त्या काळी. खरं सांगतील. आमच्या पिढीला तुम्ही वाटतं तेवढी सोवळी समजू नका.

---

तटस्थ७७

परिच्छेद २८ माहीत नव्हता, वाचला. कायदा तसा असेल तर असो. पण माझं मत तेच आहे. ज्याला मनापासून पाप वाटतं त्याच्याकडून इन्स्पेक्टरच्या धाकाने विकून घेण्यात मला काही पुरुषार्थ दिसत नाही. तो उद्यापासून ठेवणंच बंद करेल, मग काय करणार?

---

रेवा_मुलुंड

सगळ्यांचे आभार. डॉक्टरबाई, तुमचा प्रतिसाद बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला, टीबीचं कोणालाच माहीत नव्हतं.

पुढची हकीकत. तक्रार लिहून ठेवली होती. तारीख-वेळ सगळं, ब्रेडबरोबर घेतलेल्या ग्लुकोजच्या पुड्याचं त्यांचंच बिलही सापडलं. पण पाठवायच्या आधी मुलाशी बोलले, संध्याकाळी, सासूबाईंच्या गोळ्या आणायच्या निमित्ताने. सगळं ऐकून तो म्हणाला, “काकू, पप्पांचं सोडा. मला व्हॉट्सअॅपवर टाकत जा, मी खाकी पिशवीत वर पाठवतो, कोणाला कळणार नाही.” बोलता बोलता परिच्छेद २८चं सांगितलं, तर त्याला माहीत होतं! कॉलेजात शिकवलंय म्हणाला. “पण पप्पांना कोण सांगणार?”

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानात कोणी नसताना, छापील परिच्छेद समोर ठेवून. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. रागावले नाहीत. म्हणाले, “मग ठेवायचंच नाही.” आणि तटस्थ७७ यांची भविष्यवाणी खरी ठरली. आता तिथे खोकं नाही. संध्याकाळीही नाही. मुलगा नजर चुकवतो. तुम्ही जिंकलात म्हणायचं असेल तर म्हणा. पण मग हेही कबूल करा की यात त्या माणसाचं मन कुठेच बदललेलं नाही, आणि पूर्वेच्या बायकांचं एक दुकान कमी झालं.

मला व्हॉट्सअॅपची सोय होती, कारण माझं खातं आहे, मला मंगळसूत्र आहे, मी ‘काकू’ आहे. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर तीन मुली पेइंग गेस्ट राहतात. त्यांना हा मुलगा म्हणाला असता का, व्हॉट्सअॅपवर टाका? म्हणून तक्रार पाठवतेच आहे. गोळीची बाजू कमकुवत झालीय हे कळतं, तरी झालं ते झालं त्या दिवशी. विनाचिठ्ठी देणाऱ्या बाकीच्या गोळ्यांचंही लिहिलंय. सासूबाईंना सांगितलं की आता औषधं पश्चिमेहून येतील. त्यांनी पहिली स्ट्रिप उजेडात धरून उलटसुलट बघितली आणि “रंग फिका आहे” म्हणाल्या. कंपनी तीच, बॅच नंबर फक्त वेगळा.

मावशी, विचारलं हो त्यांना. “माला-डी. रेशनच्या पिशवीत तळाला,” म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

---

वाचकमात्र

नेहमी नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. घाई आहे. चेंबूरला आहे, काल रात्रीची गोष्ट. जवळच्या दुकानात ‘नाही’ म्हणाले, खरं की खोटं माहीत नाही. कुठे मिळेल? लग्न झालेलं नाही, काही विचारतील का?

---

काउंटरमागून

विचारायचा अधिकार नाही, लग्नाचं तर नाहीच. विचारलंच तर ‘घरच्यांसाठी’ म्हणायचं आणि पैसे पुढे करायचे.

स्टेशनच्या बाहेरची, रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी दुकानं बघा, नाहीतर मोठ्या हॉस्पिटलच्या गेटसमोरची. तिथे गिऱ्हाईक ओळखीचं नसतं आणि माल फिरता असतो. ‘गर्भाची गोळी’, ‘ती गोळी’ असं काही म्हणू नका, त्याने समोरचा किटचा अर्थ काढतो आणि घाबरतो. ब्रँडचं नाव सांगा, किंवा ‘लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम’ असं फोनवर लिहून दाखवा. पाकिटावरची एक्स्पायरी बघा, बिल घ्या. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, घाईत असलेल्या मुलीकडून जास्त उकळणारेही आहेत आमच्यात. टीबीची किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर दुकानं फिरत बसू नका, थेट महापालिकेच्या हॉस्पिटलात स्त्रीरोग ओपीडीला जा. आत्ता निघा, मिळाली की इथे लिहा.

---

वाचकमात्र

मिळाली. कुर्ला स्टेशनबाहेर. काहीही विचारलं नाही, फक्त म्हणाले यूपीआय बंद आहे, कॅश द्या.